स्वतःच्या जोरावर चालणं सोडून प्रभूवर टाकलं तेव्हा – तुमचे अनुभव लिहा

मोगरा:
जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस मनात होतं म्हणून धागा काढतेय. आपल्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत "स्वतःच्या पायावर उभं राहा, कुणापुढे हात पसरू नको" हे लहानपणापासून कानावर पडतं आणि ते उगाच नाही, आपल्यातल्या कितीतरी जणांच्या खापरपणजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवलेलं, मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवून तीच माणसं मास्तर झाली, बायका नर्स झाल्या. तो ताठ कणा कष्टाने मिळालाय, तो सोडा असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतेय ते दुसरंच, की सगळं मीच सावरणार, मी बाजूला झाले तर घर कोसळेल, प्रभूला फक्त रविवारी कळवायचं काय काय केलं ते. हे आत कधी घर करतं कळत नाही.

भरवसा म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. अमेरिकेतल्या लोकांनी त्यांच्या कामाला दहा वर्षं मदत कबूल केलेली, ती मुदत 1898 ला संपत होती, आणि त्याच्या तोंडावरच 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. ब्रिस्टलला कुणाकडे न मागता प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलेलं, असा भरवसा भारतात का ठेवता येऊ नये असं त्यांच्या मनात आलं. पण केडगावच्या आपल्या आश्रमात त्या नुसत्या गुडघे टेकून बसल्या नाहीत हो, शेती, विणकाम, छापखाना, सगळं चालू. आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिने आईचं काम खांद्यावर घेतलेलं ती. तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी टाकलं नाही, 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या.
म्हणून नुसतं "देवावर सोडलं आणि सगळं छान झालं" एवढ्यावर थांबू नका प्लीज. नेमकं काय सोडलं, सोडताना काय झालं, कुणाची मदत घ्यावी लागली, ते लिहा.

शेतमळा:
ताई, बरं झालं विषय काढला. मी श्रीरामपूर भागातला, शेती. वडील गेल्यावर सगळं अंगावर आलं, सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न, कांदा चाळीत ठेवला की भाव पडणार आणि विकला की चढणार असंच चाललेलं, मग रात्री मधेच उठून वही काढून आकडेमोड, मोबाईलवर लासलगावचे भाव बघणं, परत वही. पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्यांनी बायबलमधलं स्तोत्र 127 काढलं, परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्याचे श्रम फुकट, पहाटे उठून आणि रात्री जागून कष्टाची भाकर खाणं पण फुकट. मला रागच आला, म्हटलं साहेब धारा काय दुपारी काढू का. ते म्हणाले धारा पहाटेच काढ रे, पण रात्री दोन वाजता लासलगावचा भाव तुझ्या जागण्याने बदलतो का ते सांग. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या आठवड्यात प्रार्थना करून मी वही धाकट्या भावापुढे ठेवली. तो एमआयडीसीत कामाला, त्याला कर्जाचा खरा आकडा कधी सांगितलाच नव्हता, मोठा भाऊ म्हणून सांगायचा नसतो असं डोक्यात बसलेलं. तो म्हणाला दादा एवढे दिवस एकटा कशाला वाहत होतास, आणि हप्त्यातला वाटा उचलला. कर्ज अजून आहे, भाव अजून तसेच. पण वही आता दिवसा उघडतो, दोघं मिळून.

संडेस्कूल:
बायबलमधली गिदोनाची गोष्ट मुलांना शिकवताना मला नेहमी हेच वाटतं. लढाईला त्याच्याकडे 32000 माणसं होती, परमेश्वराने कमी करत करत 300 वर आणली, का तर नंतर इस्राएल म्हणेल आम्ही आमच्याच हाताने वाचलो. पण त्या 300 जणांना रात्री उठून जावं लागलंच ना, मशाली आणि रणशिंगं घेऊन. भरवसा आणि आळस यात केवढा फरक आहे हे मुलांना या गोष्टीतून पटकन समजतं.

वसईकरीण:
आम्ही कॅथलिक, तरी लिहू का? सासूबाई पॅरालिसिसने अंथरुणावर होत्या. मी रोज जपमाळ करायचे, मिस्सा चुकवायची नाही, पण धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या भागातल्या बायका "आम्ही येऊन बसतो दुपारी, तू जरा झोप" म्हणाल्या की मी हसून नको म्हणायचे. वाटायचं लोक म्हणतील सुनेला जमलं नाही. फादरांना पापनिवेदनाच्या वेळी हे बोलून दाखवलं तर ते एवढंच म्हणाले की क्रूस वाहताना येशू पडला तेव्हा शिमोन कुरेनेकराने खांदा दिला, आणि प्रभूने त्याला ढकललं नाही.

मी घरी येताना बाजारात थांबून रडले. मग बायकांना हो म्हटलं. एक भरवायची, एक कूस बदलायला मदत करायची, एक नुसती जुनी गाणी म्हणायची आणि सासूबाई अर्ध्या तोंडाने का होईना साथ द्यायच्या, जे माझ्याबरोबर कधी झालं नव्हतं कारण मला गाण्याला वेळच नसायचा. त्यांचे शेवटचे महिने त्या बायकांमुळे चांगले गेले, मी एकटीने ते त्यांना देऊ शकले नसते.

रात्रपाळी:
मी नर्स, मस्कतला असते, माहेर मिरजेकडचं. मला एक गोष्ट जरा स्पष्टच लिहायचीय. देवावर सोडलं म्हणून औषध सोडणारे पेशंट मी पाहिलेत. गावाकडे नोकरी करत होते तेव्हा टीबीचा एक पेशंट कुणीतरी प्रार्थना करून "तू बरा झालास" सांगितल्यावर गोळ्या बंद करून बसला. टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो, बरं वाटायला खूप आधी लागतं आणि मध्येच सोडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तो परत आला तेव्हा फार खालावलेला होता. कृपा करून कुणी असं करू नका आणि कुणाला करायला सांगू नका. बायबलमधल्या आजारी हिज्कीया राजाला बरं करतो असा परमेश्वराचा शब्द आला त्यानंतरही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच की.

माझं स्वतःचं सोडणं वेगळं होतं, लेक आईकडे आणि मी इथे. व्हिडिओ कॉलवरून अभ्यास, जेवण, मैत्रिणी सगळं मी ठरवायचे आणि आई थकून जायची. आता ड्युटीला निघताना लेकीचं नाव घेऊन प्रभूला सांगते की आज तिथे तू आहेस आणि आई आहे. आणि मग खरंच फोन करत नाही. पहिले काही दिवस हात शिवशिवायचे.

आजचा दिवस:
नाव लिहीत नाही. दारू. चर्चमध्ये सगळ्यांसमोर शपथ घेतली, बायबलवर हात ठेवून घेतली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. प्रत्येक शपथेत "मी" होता, मी सोडीन, मी दाखवतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला गेलो तर त्यांची पहिलीच पायरी, दारूपुढे आपली ताकद चालत नाही हे मान्य करा. आणि तिसरी, आपली इच्छा आणि आयुष्य देवाच्या हाती द्यायचं ठरवा. लहानपणापासून चर्चमध्ये बसून जे ऐकलं ते तिथे एका रिक्षावाल्या भाऊंच्या तोंडून ऐकताना आत गेलं. संध्याकाळी तलफ आली की त्यांना फोन लावतो, आधी लाज वाटायची, ते रिक्षा बाजूला घेतात आणि बोलतात. मोठ्या शपथा बंद केल्या. सकाळी प्रार्थना, फक्त आजच्या दिवसापुरती.

मोगरा:
दादा, तुमच्यासाठी आणि त्या रिक्षावाल्या भाऊंसाठी आज प्रार्थना करतेय.

जालन्याची काकू:
मोगरा बाळा, तू म्हणालीस म्हणून लिहिते. आमच्या ह्यांना कॅन्सर होता. मंडळीने उपास केले, साखळी प्रार्थना केली, मुंबईला उपचार केले, आणि ते गेले. मला कुणी "देवाची इच्छा" म्हटलं की मी उठून आत जायचे. बरेच दिवस प्रार्थनेला बसले की एकच वाक्य, तू ऐकलं नाहीस. ते वाक्यसुद्धा त्यालाच सांगत होते हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. का नेलं ते मला आजही ठाऊक नाही, वर गेल्यावर विचारणार आहे. पण एकटीने रेटायचं मात्र सोडलंय. बँक, लाईटबिल सगळं हेच बघायचे, मी चिडून सगळं स्वतः शिकायला निघाले होते आणि फॉर्म चुकायचे. आता मंडळीतला एक मुलगा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गाडीवरून बँकेत नेतो, परत येताना आम्ही चहा घेतो, तो त्याच्या नोकरीचं सांगतो, मी त्याच्यासाठी प्रार्थना करते. यंदापण त्यालाच सांगितलंय.