औषध नंतर, आधी कल्ले बघा

टाकीचं सगळं पाणी बदलून फिल्टर धुतला, तिसऱ्या दिवशी गोल्डफिश वर येऊन धापा टाकायला लागले, दोन गेले, आणि दुकानदारानं अँटिबायोटिक दिलं, असं तुम्ही लिहिलंय. ती पुडी आधी बाजूला ठेवा. सगळे मासे एकदम वर आले की बहुतेक वेळा पाण्याचाच घोळ असतो; रोग सहसा एकेकाला धरतो.

मासा नुकताच मेला असेल तर कल्ल्याचं झाकण नखानं उचला. आत चॉकलेटी दिसलं तर नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया जिवाणू पचवताना मधे तयार होणारं विष. त्यात रक्तच ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, मग एअर पंप कितीही बुडबुडे सोडू दे. लालभडक, सुजलेलं असेल तर संशय अमोनियावर.

मीही एकदा लातुरात नळाखाली स्पंज पांढराफेक होईपर्यंत धुतला होता. मळासोबत अमोनिया पचवणारे जिवाणूही गेले. त्यात आमचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं; अशा पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) बहुधा चढा, आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया जहरी. उन्हाळा वेगळाच: 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसात. रात्री लाईट गेली की संपलंच.

आज एक तृतीयांश पाणी बदला, रात्रभर बादलीत एअरस्टोन (पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) लावून ठेवलेल्या पाण्यानं. दोन दिवस खाणं बंद. नायट्राइट निघालं तर लिटरला 1 ग्रॅम खडेमीठ, विरघळवून, हळूहळू.

टाकी किती लिटरची आहे, आणि फिल्टर कोणत्या पाण्यानं धुतलात?