‘बॅकलॉग’ला मराठीत काय म्हणायचं?

मी कोल्हापुरात आठ जणांची सॉफ्टवेअर टीम सांभाळतो. दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरलेले टप्पे, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या बोलणं. बोलणं अस्सल कोल्हापुरीत. पोरीसुद्धा ‘आज मी लॉगिनचं संपवतो’ म्हणतात आणि पुण्याहून आलेला नवा गडी दरवेळी मान वर करून बघतो. ते असो.

गेल्या महिन्यात एका फाउंड्रीचं काम घेतलं. मालकांना समजावं म्हणून फळ्यावर मराठीत मथळे लिहिले. ‘डन’ला ‘झालेली’, ‘बॅकलॉग’ला, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीला, ‘राहिलेली कामं’. खाली चिठ्ठ्या : हीट नंबरवरून कास्टिंग शोधणं, रिजेक्शनची नोंद, वगैरे. मालक आले, चहाचा कप हातात धरूनच फळा वाचला आणि म्हणाले, “अजून सुरू न्हाई केलं, आन् एवढं राहिलंय?”

त्यांचं काय चुकलं? तर, शब्द सुचवा.

माजी विद्यार्थी, सध्या टेस्टर
दादा, इंजिनिअरिंगच्या पोराला बॅकलॉग म्हणजे राहिलेले विषय. ‘किती बॅकलॉग?’ असं कुणी विचारलं की आजही पोटात गोळा येतो. पहिल्या नोकरीत लीड म्हणाला, ‘आपल्याकडे दोनशेचा बॅकलॉग आहे’, तेव्हा मला वाटलं कंपनी नापास झालीय.

निवृत्त मराठी शिक्षिका
छापील प्रतिशब्द ‘अनुशेष’, पण तो इथे चालणार नाही. अनुशेष म्हणजे जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही ते. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने विभागवार मोजला तो विकासाचा अनुशेष. नोकरभरतीत म्हणतात तो राखीव जागांचा. दोन्हीकडे कुणाचं तरी देणं थकलेलं असतं. तुमच्या चिठ्ठ्या कुणाचं देणं आहेत का?

मूळ इंग्रजी शब्दात थकबाकी नव्हतीच. चुलीच्या मागच्या बाजूला जाड ओंडका ठेवत, तो हळूहळू धुमसत राही, त्याचं ते नाव. उरलेल्या कामाचा अर्थ पुढे चिकटला.

गडहिंग्लजकर
बाई, ओंडक्याचं वाचून बरं वाटलं. गुऱ्हाळात चुलवाणाशेजारी चिपाडांचा ढीग असतो, त्याला कुणी ‘राहिलेली चिपाडं’ म्हणत नाही. ते जळण, ते आहे म्हणून काहील उकळते.

माझी सूचना ‘पाळीपत्रक’. कॅनॉलच्या पाण्याला कुणाची पाळी कधी, ते आधीच लिहिलेलं असतं. आणि स्प्रिंटला ‘आवर्तन’ म्हणा, ठरलेले दिवस पाणी सुटतं आणि बंद होतं.

मूळ लेखक
आवर्तन उचलला! पाळीपत्रकाची मात्र अडचण आहे. त्यात क्रम ठरला की ठरला, मध्ये कुणी घुसलं तर बांधावर मारामारी. आमच्याकडे प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कुठलं काम आधी ते ठरवणाऱ्याला, क्रम हलवायची मुभाच असते. मालकांच्या गिऱ्हाइकानं रिजेक्शनचा रिपोर्ट मागितला तर ती चिठ्ठी उद्या सगळ्यात वर. स्क्रम गाइडनंही, म्हणजे या कामपद्धतीच्या पुस्तिकेनंही, २०११ साली ‘प्राधान्य दिलेली’ यादी काढून ‘क्रम लावलेली’ यादी केली. सगळंच महत्त्वाचं असतं, पहिलं काय एवढंच ठरवायचं.

बाणेरहून, मूळची कागलची
‘उतरंड’ घ्या ना! आजीच्या घरात कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. तळाला रांजणाएवढं मडकं, वर लहान-लहान होत शेंड्याला बुडकुलं. चांगल्या बॅकलॉगची ठेवण हीच. वरची कामं बारीक, मोजलेली, दोन दिवसांत होणारी; तळाला ‘मोबाईल ॲप करायचं’ असली अगडबंब, ज्यांच्या पोटात काय आहे ते अजून कुणी बघितलेलं नाही. उचलायचं वरूनच. मधलं ओढलं की सगळी खाली.

आणि रिफाइनमेंटला, म्हणजे यादीतली कामं आधी तपासून नीट करून ठेवण्याला, आम्ही ‘निवडणं’ म्हणतो, तांदूळ निवडतात तसं. खडे काढायचे, शिजवायचं नंतर.

निवृत्त मराठी शिक्षिका
चित्र अगदी नेमकं आहे, पण शब्दावर डाग आहे. ‘जातीची उतरंड’ हा प्रयोग इतका रुळलाय की उतरंड म्हटलं की वरचा-खालचा हेच आधी आठवतं. शाहू महाराजांच्या गावात, माणसांच्या टीमसमोर, हा शब्द लिहिण्याआधी मी दोनदा विचार करीन.

बाणेरहून, मूळची कागलची
मान्य, बाई. पण इथं मडकी म्हणजे कामं. माणसांना लावला तर मीच पहिली भांडेन. आणि मडक्यांचा शब्द मडक्यांना परत मिळायला काय हरकत आहे?

मूळ लेखक
बाईंचं पटलं म्हणून टीमलाच विचारलं. दोघांनी मान हलवून नको म्हटलं, एकीनं कारणही सांगितलं, ते इथे लिहीत नाही. फळ्यावर आता नुसतं ‘पुढची कामं’ आहे. मालक सोमवारी आले, बघितलं, आणि म्हणाले, “पुढची म्हंजे? या आवर्तनात यातली कुठली?” मी वरच्या चार चिठ्ठ्या काढून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्यातल्या दोन अदलाबदल करून परत लावल्या.

‘निवडणं’ मात्र सगळ्यांनी उचललंय. बुधवारी चार वाजता निवडायला बसतो. ‘व्हेलॉसिटी’ला, म्हणजे एका आवर्तनात किती काम होतं त्या मापाला, काही सुचतंय का? ‘वेग’ नको, वेग म्हटलं की मालक वाढवायला सांगतात.