अनुभव धागा: जमिनीत मुरलेलं फुलझाड दुसरीकडे कसं हलवता?

पार्किंग वाढवायचंय, कुंपण सरकलंय, इमारत पुनर्बांधणीला गेलीय, आणि ऐन मध्ये आठ-दहा वर्षांची जास्वंद किंवा अनंत उभा आहे. नाशिकच्या मातीत आणि हवेत काय चालतं तेवढंच लिहा. झाड, माती, महिना आणि माप द्या. ‘लहान असतानाच हलवायचं होतं’ हे कृपया कोणी लिहू नका.

इंदिरानगर, काळी माती
जुलै उत्तम, पण वाफसा (खणण्याजोगी बेताची ओल) आल्याशिवाय पहार लावू नका. चिकट मातीत खणलं की नव्या खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. मूळ त्या भेदत नाही, आतल्या आत गोल फिरतं आणि पाणीही साचतं. मूठभर माती दाबून बघा: गोळा वळला पाहिजे आणि टिचकीने फुटलाही पाहिजे. तरी भिंती चकाकल्या तर खुरप्याने ओरबाडा. मग खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या सकाळीही पाणी दिसलं तर तिथे झाड लावू नका, वीतभर उंच मातीची गादी करून तिच्यावर लावा.

गंगापूर रोड
माप सोपं आहे. जमिनीलगतच्या खोडाच्या दर सेंटीमीटर जाडीमागे, मुळांसकट काढायच्या मातीच्या गोळ्याचा व्यास १० ते १२ सेंमी. म्हणजे ४ सेंमी खोडाच्या जास्वंदीला ४० ते ४८ सेंमी रुंद आणि ३० ते ३५ सेंमी खोल गोळा हवा. ओला असा गोळा ६० ते ८० किलो भरतो, तेव्हा दोघांच्या भरवशावर काढू नका. खोडाला धरून तर मुळीच उचलू नका; माती निसटते आणि बारीक मुळं तुटतात. गोळा एका बाजूला कलता करून खाली गुंडाळलेलं गोणपाट सरकवा, दुसऱ्या बाजूला कलता करून ते उलगडा, दाभण-सुतळीने घट्ट शिवा आणि चार कोपऱ्यांना धरून उचला. नव्या जागी सुतळी कापा. सुती-तागाचं गोणपाट खाली राहिलं तर कुजतं. प्लॅस्टिकची गोणी मात्र पूर्ण काढलीच पाहिजे.

मखमलाबाद
वरच्या मापाला पुस्ती. गोळा एकदम काढण्याआधी पांढरी मुळी (पाणी शोषणारी नवी बारीक मुळं) तयार करून घ्या, द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर गोळ्याच्या रेषेवर अर्धं वर्तुळ कुदळीने कापा आणि चर कुजलेलं शेणखत व माती निम्मी-निम्मी घालून भरा. तीन आठवड्यांनी उरलेलं अर्धं. आणखी तीन आठवड्यांनी उचल. अंगठ्याएवढी मुळं कुदळीने ठेचू नका, करवतीने स्वच्छ कापा आणि कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांड्यात नको. शेणखत कच्चं असेल तर मुळं खाणारी हुमणी अळी आलीच म्हणून समजा.

पंचवटी
छाटणीबद्दल बोला की कोणीतरी! जास्वंद आणि रातराणी एक तृतीयांश, गरज पडली तर निम्मी छाटावी. मोगऱ्याचा बहर संपल्यावर गुडघ्याएवढा ठेवून हलवावा. अनंताला मात्र इतकं कापू नये, तो हळू फुटतो. वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या काढल्या की पुरे. कळ्या सगळ्याच खुडाव्यात, जीव कळवळला तरी. गुलाबाला पावसात हात लावू नका, ऑक्टोबरच्या छाटणीबरोबर हलवा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तर आधी तो बघा, नाहीतर नव्या कोवळ्या फुटीवर तोच आधी पोचतो.

देवळाली कॅम्प, मुरूम
आमच्याकडे गोळा टिकतच नाही, काढताना चाळणीसारखी गळती. आदल्या दिवशी संध्याकाळी मुळाशी भरपूर पाणी द्या आणि सकाळी गोळा सैल व्हायच्या आत गोणपाट गुंडाळा. मुळं उघडी पडलीच तर ओल्या पोत्यात झाका. उन्हात अर्धा तासही बारीक मुळी मारायला पुरतो. बोगनवेल तर अशा हलवण्यावर रुसतेच, तिची मुळं फार नाजूक. जाड फांद्यांच्या काड्या आधी लावून ठेवा, मग मूळ वेलीवर प्रयोग करा.

सातपूर
लावताना खोल गाडू नका. खोड पूर्वी जिथपर्यंत मातीत होतं तिथपर्यंतच, काळ्या मातीत उलट दोन बोटं वर, कारण माती बसते. गोळ्याला टेकून आळं करा आणि पहिल्याच दिवशी १५-२० लिटर पाणी हळूहळू द्या, म्हणजे पोकळ्या भरतात. पायाने तुडवून भरू नका. पुढे बोट खुपसून बघून पाणी द्या. पानं मान टाकतात म्हणून रोज पाणी ओतणारे झाड कुजवतात: मुळं कमी झाल्याने पानं लोंबतात, माती ओली असूनही. त्यावर उपाय म्हणजे ५० टक्के सावलीची हिरवी नेट, दोन-तीन आठवडे. पानगळ झाली तरी घाई नको. नखाने साल खरवडा, खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. नवी पालवी स्थिर होईपर्यंत युरिया किंवा १९:१९:१९ सारखी रासायनिक खतं बंद.

म्हसरूळ
एक कागदाची गोष्ट राहिली. पारिजातक किंवा सोनचाफा झाडाएवढा झाला असेल तर तो आपल्या मर्जीने हलवू नका. १९७५ च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, म्हणून आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारा. शिवाय जुना सोनचाफा हलवून जगण्याची खात्री कमीच. त्याचं कलम करून घ्या आणि जुना तिथेच राहील असा नकाशा आखायला आर्किटेक्टला सांगा.