अनुभव धागा: पाळकसाहेबांकडे कोण बघतं?

शुभ शुक्रवारी 12 ते 3 येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना, रविवारी पहाटे पुनरुत्थानाची, मग प्रभुभोजन, आणि त्याच दुपारी शिवडीला एका आजोबांची माती. आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा आवाज पार बसला होता. तरी खाली उभ्या एकाने विचारलंच, "साहेब, आमच्याकडे घरभेटीला कधी येताय?"

म्हणून हा धागा. तुमच्या मंडळीने (म्हणजे चर्चच्या सभासदांनी) पाळकांसाठी केलेली आणि खरंच उपयोगी पडलेली गोष्ट लिहा. "आम्ही प्रार्थना करतो" हे गृहीत धरलंय. शाल-श्रीफळही नको, त्या शाली पार्सनेजच्या (पाळकांच्या घराच्या) कपाटात मावत नाहीत.

माजी खजिनदार, परळ
पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून मीच सुरुवात करतो. आमच्याकडे वर्गणी नाताळ आणि कापणीच्या सणाला एकदम यायची. मधले महिने खडखडाट. पाळकांचं मानधन मग दहा-बारा तारखेला, कधी दोन हप्त्यांत. त्यांनी कधी मागितलं नाही आणि आम्ही ते त्यांच्या विश्वासाच्या खात्यात टाकलं! मळणीच्या बैलाला मुसकं घालू नये, हे बायबलमधलं वचन पौलाने उपदेशकांसाठीच वापरलंय. शेवटी कमावत्या मेंबरांच्या मागे लागून वर्गणी दरमहा बँकेतून परस्पर वळती करून घेतली आणि ठरवलं की महिन्याचा पहिला खर्च मानधनाचा, रंगकाम-माइक नंतर. बाकी काही केलं नाही.

पाळकांची मुलगी, आता बोरिवली
सगळे बाबांबद्दल लिहिणार, मी आईबद्दल लिहिते. बदली झाली की नव्या मंडळीत आई आपोआप महिला संघाची अध्यक्ष. तिला कुणी विचारायचंच नाही. शिवाय पाळकीणबाईंनी संडेस्कूल घ्यावं, कोयरमध्ये उभं राहावं, सणाच्या जेवणात भात किती लागेल तेही सांगावं. ती शाळेत पूर्णवेळ शिक्षिका होती हो! एका मंडळीत मात्र संघाच्या सेक्रेटरी बाई पहिल्याच आठवड्यात घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हाला नुसतं मागच्या बाकावर बसायचं असेल तर तसं बसा. पद घ्यायचंच असेल तर पुढच्या वर्षी बघू." आईने त्या वर्षी काहीच घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी स्वतःहून संडेस्कूल मागून घेतलं आणि पुढची बदली होईपर्यंत सोडलं नाही.

आणि पाळकांच्या मुलांना भर मंडळीत वचनं पाठ म्हणायला लावू नका, प्लीज. दहावीच्या तोंडावर माझी शाळा बदलली तेव्हा कोयरमधल्या एका दादाने गणित शिकवलं. बाकी सगळे "देवाची इच्छा" म्हणत होते.

मुलुंडकर
आमच्या साहेबांकडे दोन मंडळ्या. रविवारी सकाळची उपासना उरकून दुसरीकडे जायचं आणि नेमका मेगाब्लॉक. तरुण संघाने बाइकची पाळी लावली. पण खरा उपाय दुसऱ्या मंडळीने केला: उपासना संध्याकाळी घेतली. थोडी कुरकुर झाली.

नाव नको
जरा उलटं लिहितो. आमच्याकडे एक पाळक होते, त्यांना कुठलंच काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं नसे, आणि हिशोब विचारला की "तुम्ही सेवेच्या आड येताय". पाठिंबा म्हणजे होला हो नव्हे. बायबलात, निर्गम 18 मध्ये, सासरा इथ्रो मोशेला तोंडावर सांगतो की तू हे बरं करत नाहीस, थकून जाशील, माणसं नेम. आणि मोशे ऐकतो.

धागाकर्ता
पटलं. फक्त इथ्रो ते मोशेलाच सांगतो. आपण उपासनेनंतर चहाच्या टेबलावर एकमेकांना सांगतो.

गोराईहून
आम्ही कॅथलिक, चालेल ना? 4 ऑगस्टला संत जॉन व्हियानींचा सण, धर्मगुरूंचा दिवस. हार, केक, मुलांची भाषणं. रात्री फादर एकटेच जेवतात. आमच्या आळीत आम्ही त्यांना एखाद्या साध्या बुधवारी बोलावतो. अट एकच: घराला आशीर्वाद द्या, लग्नाचं बघा, सर्टिफिकेटवर सही करा, असलं काही त्या रात्री काढायचं नाही. फुटबॉलवर बोलतात. भरपूर बोलतात.

निवृत्त शिक्षक, दादर
दारात हात मिळवून "संदेश छान झाला" म्हणणं ही सवय आहे, त्यातून साहेबांना काही कळत नाही. मी गुरुवारी फोन करतो: तुम्ही क्षमेवर बोललात, त्यावरून भावाला फोन केला. किंवा दुसरा मुद्दा समजला नाही. दोन्ही त्यांना आवडतं.

दुसरं, पुस्तकं. पौल तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, काय आणायला सांगतो? त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा, आणि पुस्तकं. चांगली भाष्यं महाग असतात. आम्ही काहीजण मिळून वर्षाला थोडी घेतो, पण यादी साहेबांची.

पवईकर
सोमवारची सुट्टी कुणी जमवलीय का? आम्ही ठरवलं, साहेबच फोन उचलतात.

माजी खजिनदार, परळ
जमवलीय. सोमवारी मंडळीचे दोन वडील (निवडलेले ज्येष्ठ कारभारी) फोन घेतात. मृत्यू किंवा हॉस्पिटल असेल तरच साहेबांना कळवायचं, बाप्तिस्म्याचा दाखला मंगळवारी. सुरुवातीला आमचेही उचलायचे. मग पाळकीणबाईंनी फोन स्वतःकडे घेतला. तुमच्याकडेही आधी बाईंशी बोला.