आजोबांचं काडतुसं वळायचं हातयंत्र, ब्लूइंग बसत नाहीये

पडवीवाला:
नमस्कार मंडळी. आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र पाच मिनिटांवर. माळा साफ करताना आजोबांचं एक यंत्र सापडलं, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, हँडल फिरवलं की १२ बोअरच्या कागदी काडतुसाची कड आत वळते असलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाचं लायसन होतं, डुकरं-वानरांसाठी. बंदूक कधीच जमा केली, हे तेवढं राहिलं. मला काय काडतुसं भरायची नाहीत, नुसतं कपाटात ठेवायचंय. बॉडी पितळेची, पण स्पिंडल (मधला फिरता दांडा), स्क्रू आणि हँडल पोलादी, सगळं गंजलेलं. घासून ऑनलाईन मागवलेलं कोल्ड ब्लू (पोलाद गरम न करताच त्यावर निळसर-काळा थर, म्हणजे ब्लूइंग, चढवणारं रसायन) लावलं तर चट्टे-चट्टे आले आणि तीन आठवड्यांत परत लाल. कुठे चुकलं?

लेथमास्तर:
दोन चुका असणार. एक, तेल पूर्ण निघालं नाही. रॉकेलने पुसलं म्हणजे निघालं असं नसतं, रॉकेलचाच पातळ थर मागे राहतो, त्यामुळे शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुवायचं, मग अॅसिटोन, आणि त्यानंतर उघड्या बोटाने हात नाही लावायचा, ग्लव्हज घाला (त्या बाटलीत बहुतेक सेलेनियम असतं, विषारी आहे, म्हणूनही घाला आणि खिडकी उघडी ठेवा). दुसरी चूक समजुतीची. ब्लूइंग म्हणजे रंग नाही. खरं ब्लूइंग म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, Fe₃O₄, त्याला बारीक छिद्रं असतात, ती तेल धरतात आणि ते तेल गंज अडवतं. कोल्ड ब्लूचा थर तर त्याहून पातळ, तोही वेगळाच, घासला की जातो.

तुमच्याकडे रस्ट ब्लू करा. म्हणजे मुद्दाम गंज चढवायचा. परदेशात लोक त्यासाठी दमट पेटी बनवतात, आपल्याकडे आषाढ फुकट आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडं व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ, कापसाने पातळ हात द्यायचा, रात्रभर घरात टांगून ठेवायचं. सकाळी बारीक तांबूस लव येते. मग उकळत्या पाण्यात १५-२० मिनिटं, लाल होतं ते काळं होतं. वरचा भुसा तेल काढलेल्या बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा. असे पाच-सहा फेरे.

पाणी विहिरीचं घेऊ नका, तुमच्याकडे मचूळ असतं, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणा. शेवटी गरम असतानाच मशीन ऑइलमध्ये बुडवून रात्रभर. पितळ आधी सोडवून बाजूला ठेवा. आणि कुणी कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणातलं हॉट ब्लू सांगितलं तर घरी करू नका, १४० डिग्रीचं कॉस्टिक आहे ते, त्यात पाण्याचा थेंब पडला की उडतं.

खाजणातलो:
आमच्या हयसर पावसात कोयतो एका रात्रीत गंजता, आणि मास्तर म्हणतत मुद्दाम गंजवा 😄 पण मास्तरांचा खरा आसा. फक्त पडवीत टांगू नको रे, खारो वारो लागलो की लव येणा नाय, खड्डे पडतत. आणि नंतर चामड्याच्या पिशयेत घालून ठेव नको, चामडा ओल धरता.

कागदपत्रवाला:
रंगाचं चाललंय ते चालू द्या, पण १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. जुनं आहे, शोभेला आहे हे सगळं खरं, तरी आजोबांच्या लायसनचे कागद शोधा आणि कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा. आणि फोटो टाकत बसू नका.

पडवीवाला:
लेखी अर्ज दिलाय, म्हणून यंत्र तसंच ठेवलंय. दरम्यान मास्तरांची पद्धत आजीच्या जुन्या विळीच्या पात्यावर करून बघितली, धार तेवढी वार्निश लावून झाकली. चौथ्या फेऱ्याला पिकल्या जांभळासारखा रंग आला! फक्त मुठीजवळ एक ठिपका उरलाय, तिथे बोट लागलं होतं बहुतेक. आजी म्हणते नारळ खवायला दे परत, कपाटात कसली ठेवतोस.

लेथमास्तर:
तेवढा ठिपका घासून परत दोन फेरे द्या, बाकीच्यावर तो हात बेमालूम मिसळतो. आणि आजीला विळी दिलीत तर कोकम-चिंच लागू देऊ नका, आंबट लागलं की ब्लू उतरतो.