मदत हवी आहे: युव्ही टेस्ट पास, तरी क्लिपा उन्हात तडकतायत

नमस्कार मंडळी, भोसरीत आमचं छोटं मोल्डिंगचं काम आहे, दोन मशीन, शेडनेटच्या हिरव्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) क्लिपा काढतो. गेल्या वर्षी पार्टीने युव्ही रिपोर्ट मागितला म्हणून लॅबमधून 500 तासांची क्यूयूव्ही (पेटीत आलटून पालटून युव्ही आणि दव देतात ती टेस्ट) करून घेतली, एएसटीएम जी 154 पद्धत, युव्हीए-340 ट्यूब, किरणांची तीव्रता 0.89 ला सेट, 8 तास युव्ही 60 डिग्रीला मग 4 तास कंडेन्सेशन (दव) 50 ला. रंग जवळपास तसाच राहिला, रिपोर्ट पास, आम्ही खुश. आता नारायणगावकडून फोन येतायत, ढोबळी मिरचीच्या शेडवरच्या क्लिपा एका उन्हाळ्यात पांढरट पडल्या, बोट फिरवलं की पावडर लागते आणि दाबली की कट्कन तुटते. पार्टी म्हणते रिपोर्टच खोटा.

500 तास म्हणजे आपल्याकडचं नक्की किती ऊन हो? आणि एकजण म्हणतो युव्हीबी-313 या दुसऱ्या ट्यूबवर टाक, लवकर निकाल लागतो, टाकू का? (काळ्या काढा असं सांगू नका, कार्बन ब्लॅक युव्ही अडवतं हे माहितीय, गिऱ्हाईकाला हिरव्याच पाहिजेत.)

प्रतिसाद 1
तासांची वर्षं करायचा नाद सोडा, दर मालाला ते गणित वेगळं येतं. तुमच्या 500 तासांत ट्यूब पेटल्या फक्त 333 तास, बाकी वेळ अंधारात दव पडत होतं, म्हणजे 340 नॅनोमीटरला जेमतेम 1 मेगाज्यूल. 313 च्या भानगडीत पडू नका, ती ट्यूब 295 च्या खालचे किरण पण सोडते, ते आपल्या उन्हात नसतातच, मग चांगला माल पण उगाच नापास. आणि नुसता रंग काय बघता, पिगमेंट टिकतं आणि पीपी मरतं! लॅबला टेन्साइल बार (ओढून तोडायच्या पट्ट्या) द्या, 250, 500, 1000 तासांनी तुटेपर्यंत किती लांबतो ते मोजायला सांगा, निम्म्यावर आलं की माल गेला.

प्रतिसाद 2
शेडमध्ये भुरीसाठी गंधक मारतात का? मास्टरबॅचमधलं (दाण्यात मिसळतात त्या रंग-युव्हीच्या मसाल्यातलं) साधं हाल्स, म्हणजे उन्हापासून प्लास्टिक वाचवणारं रसायन, क्षारधर्मी असतं, गंधकाच्या आम्लाने निकामी होतं, पॉलिहाऊसच्या कागदाचं पण हेच होतं. गंधकाला टिकणारे ग्रेड मिळतात, महाग आहेत. लॅबच्या पेटीत कोण गंधक मारतंय? आणि एक विचारू का, सॅम्पल कुठल्या लॉटचं दिलेलं?

धागाकर्ता
गंधक मारतात, आत्ताच फोन करून विचारलं. आणि सॅम्पलचं म्हणाल तर कोऱ्या दाण्याचं दिलेलं, मास्टरबॅच 2 टक्के वजन करून. मालात 30 टक्के ग्राइंडिंग (दळलेलं जुनं प्लास्टिक) जातं आणि मास्टरबॅच आमचा पोरगा मुठीने टाकतो. पार्टीला काय सांगू आता?

प्रतिसाद 2
आधी वजनकाटा घ्या. मग मालातल्याच क्लिपा टेस्टला पाठवा, लॅबसाठी वेगळ्या काढू नका.