मामाची ट्रंक: चित्रं ठेवतोय, वह्यांचं काय करू?

मूकबधिर मामा वैशाखात गेला. नवव्या वर्षी मेंदूज्वरात कान गेले, बोलणं मात्र शाबूत राहिलं. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं. चार पैसे साठले की एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढायचा आणि स्केचबुक घेऊन पसार. आता सदाशिव पेठेतल्या आमच्या माळ्यावर त्याची पत्र्याची ट्रंक आहे. एकोणीस स्केचबुकं, चौदा दोनशेपानी वह्या. मामा तोंडाने विचारायचा, समोरचा वहीत लिहायचा. म्हणजे उत्तरं सगळी आहेत, मामाचा प्रश्न एकही नाही. "फलाट ३, पावणेसहा." "साखर कमी टाकू?" "माझी मुलगी पण अशीच आहे." आई म्हणते चित्रं फ्रेम कर, वह्या रद्दीत दे. रद्दीवाल्याला भाव विचारूनही झालाय.

उत्तर १
रद्दीवाल्याला आधी नाही म्हणून सांग! आयुष्यभर दफ्तरखान्यात काम केलंय, म्हणून हक्काने सांगतो. ट्रंकेतला क्रम मोडू नकोस. कुठली वही कुठल्या स्केचबुकाला चिकटून होती, तेही लिहून ठेव. क्रमांक मऊ पेन्सिलने, पेनाने नाही. गंजलेल्या टाचण्या काढ. फाटलेल्याला सेलोटेप लावू नकोस, गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशनचं तर नावच काढू नकोस. भारत इतिहास संशोधक मंडळात वगैरे विचारायचं असेल तर आधी यादी कर. नुसती ट्रंक नेऊन ठेवलीस तर कोणीही दचकेल.

उत्तर २
चित्रकार सतीश गुजराल यांनाही लहानपणीच ऐकू येईनासं झालं होतं. १९५२ साली मेक्सिकोला जाऊन तिथले भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा यांच्याकडे शिकले. दिल्लीतल्या बेल्जियमच्या दूतावासाच्या इमारतीचा आराखडाही त्यांचाच.

मूळ प्रश्नकर्ता
माहितीबद्दल आभार. आमचा मामा सावंतवाडीपर्यंत गेला होता.

उत्तर ३
मूकबधिर नका म्हणू हो. मामा बोलत होते ना? कर्णबधिर म्हणा. मी स्वतः आहे. माझ्याही अशा वह्या होत्या, भरल्या की फेकल्या. आता फोनवर टाइप करून दाखवतात, त्यात अक्षर कुणाचं ते कळत नाही. तुमच्याकडे कंडक्टरचं अक्षर आहे.

मूळ प्रश्नकर्ता
यादी सुरू केली. "माझी मुलगी पण अशीच आहे" हे ज्या वहीत आहे, तिच्याखालच्याच स्केचबुकात वाई स्टँडचं कँटीन निघालं. गल्ल्यापाशी दोन वेण्यांची पोरगी, चित्र काढणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघणारी. आईला दाखवलं. काही बोलली नाही. दुपारपासून पेन्सिल घेऊन तीच क्रमांक घालतेय, मला हात लावू देत नाहीये.